दम खायची जागा

पाऊस आवरला की मुंबईला काही दिवस कुणी वाली नसतो. ढग गेलेले, वारा पडलेला, थंडीचा पत्ता नाही. चार महिने ओल धरून बसलेल्या भिंती एकदम तापतात आणि घराला उन्हात टाकलेल्या जुन्या गादीसारखा वास येतो. समोरच्या इमारतीत लोक पडदे धुऊन गॅलरीत वाळत घालतात. बाजारात कंदील टांगायला सुरुवात झालेली असते, पण अंगात सणाचा उत्साह कुणाच्याच नसतो. भाजीवाली पदराने वारा घेत भाव सांगते. रिक्षावाला भाडं नाकारताना मानसुद्धा हलवत नाही, नुसती पापणी हलवतो. या दिवसांत माणूस काही न करता दमतो.

मी तर बाराही महिने दमलेली असते, त्यामुळे ऑक्टोबर मला परका वाटत नाही. पन्नाशी ओलांडली. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका ऑफिसात जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करते. करत होते म्हणायला हवं, कारण आता ते काम कॉम्प्युटर करतो आणि मी त्याच्या चुका काढत बसते. झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा. ओल्या हाताने स्पर्श करू नका. तरुणपणी दादरच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन जपानी शिकले, तेव्हा वाटलं होतं की या भाषेतून मी कुठल्या कुठे जाईन. गेले ती कुर्ल्यापर्यंत.

पण दरवर्षी हे ऊन पडलं की मला सुमिए-सान आठवते. नावापुढे ‘सान’ लावलं की जपानीत मान देऊन झालेला असतो, म्हणून मराठीत मी तिला ‘ती’च म्हणते.

काही वर्षांपूर्वीचा असाच ऑक्टोबर. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं दुखणं लांबलेलं. ते मी काढलं, मग आईचं खुब्याचं ऑपरेशन काढलं. भाऊ, सुहास, बोरिवलीला. यायचा, फळं आणायचा, जायचा. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात कुणाला काही झालं की ते आपोआप माझ्याकडे यायचं, जसं उताराने पाणी येतं. तक्रार कुणी केली नाही. मीही नाही.

अशात अंधेरीहून केतनचा फोन आला. केतन स्टुडिओतली कामं जमवून देणारा माणूस, वाजवणारे गोळा करणारा. कुठून तरी माझा नंबर मिळवला होता त्याने.

“ताई, एक जपानी सिंगर येतेय. व्हायोलिनवाल्यांबरोबर रेकॉर्डिंग, मग मढला एका गाण्याचं शूटिंग. इंग्लिशचा ठणठणाट आहे. तुम्ही फक्त बाजूला बसायचं.”

“मला गाण्यातलं काही कळत नाही.”

“झकास! मग तुम्ही मध्ये बोलणार नाही.”

ऑफिसात रजा साठलेली होती. घेतली.

पहिल्या दिवशी मी कुणी चमचमती बाई बघायला मिळेल अशा बेताने गेले. स्टुडिओच्या सोफ्यावर माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी, बारीक कापलेल्या पांढुरक्या केसांची बाई बसली होती. अंगात ढगळ सुती शर्ट, गळ्यात पंचासारखा छोटा टॉवेल. मला बघून उठली, कमरेत वाकली आणि म्हणाली, “तुम्हाला माझ्या तोंडाने बोलावं लागणार. आधीच माफ करा.”

तिचं गाणं मला तिनेच समजावलं. जपानात एके काळी शहराची गाणी फार चालायची. ‘सिटी पॉप’ म्हणतात त्यांना. आता जगभरातली पोरं ती हुडकून हुडकून ऐकतात. चकचकीत रस्ता, गाडीची काच खाली, एका बाजूला समुद्र, ऑफिस सुटलेलं आणि हातात अख्खी संध्याकाळ, असा त्या गाण्यांचा थाट. सुमिए-सान तरुणपणी एका बंदराच्या गावात, हॉटेलांच्या लॉबीत ती गायची. पुढे तिथल्याच एका रेकॉर्डच्या दुकानात तिने रेगे ऐकलं, दूर वेस्ट इंडीजच्या बेटावरचं संगीत. त्यात गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत वाजते. ऐकणाऱ्याला वाटतं चुकलं, आणि तेवढ्यात ती बरोबर येऊन उभी राहते. सुमिए-सानने तिची शहराची गाणी त्या चालीवर ठेवली.

“असं का केलंत?” मी विचारलं.

“ती गाणी गाडीतून घरी जाणाऱ्यांची होती,” ती म्हणाली. “माझ्याकडे गाडी नव्हती. मी चालत जायचे. चालणाऱ्याला हा ताल बरा पडतो.”

वाजवणारे बहुतेक वयस्क होते, सिनेमाच्या गाण्यांत आयुष्य गेलेले. समोर ठेवलेलं फडाफडा वाजवायची सवय. सुमिए-सान ऐकत राहिली, मग हळूच माझ्या कानात काही बोलली. मी मोठ्याने सांगितलं, “मॅडम म्हणतात, जरा उशिरा या.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“म्हणजे ठोक्यावर येऊ नका. ठोका जाऊ दे, मग या.”

मागून एक काका म्हणाले, “मुंबईत पहिल्यांदा कोणीतरी उशिरा या म्हणतंय, बाबा! जन्माचं सार्थक झालं.”

हसू पिकलं. काय झालं ते मी तिला सांगितलं, तर तीही टॉवेलमध्ये तोंड घालून हसली. आणि दुपारपर्यंत त्यांना ते साधलं. सगळी व्हायोलिनं मिळून एक श्वास उशिरा यायला लागली. गाण्यातलं कळत नसूनही माझे खांदे आपोआप खाली आले. तोवर मी ते इतके वर ओढून धरले आहेत हे मला माहीतच नव्हतं.

वाजवणाऱ्यांच्या समोर उभं राहून गायचं, असा तिचा हट्ट होता. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. दोन ओळी झाल्या, तिसरीत आवाज फाटला. पाणी प्यायली. परत फाटला. बाहेरचं ऊन आणि आतला गारठा, घसा धरला असेल, असं सगळे म्हणाले. केतनने मध आणवला, कुणी ज्येष्ठमध दिलं. ती सगळ्यांना वाकून वाकून धन्यवाद देत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

मी तिला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आत नळी घालून पाहिलं आणि मला सांगितलं, मी तिला सांगितलं. स्वरतंतूंना सूज आहे, वर गाठीही आहेत. जुनं दुखणं आहे. काही महिने आवाजाला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर आहे तोही जाईल. ती शांतपणे ऐकत होती. ते तिला आधीच ठाऊक होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिच्या देशातल्या डॉक्टरांनी तिला हेच सांगितलं होतं, आणि तरी ती आली होती.

“केतन-सानना अजून सांगू नका,” ती म्हणाली. “मला जरा वेळ हवा.”

बाहेर केतन उभाच. “काय म्हणाले डॉक्टर?”

“मॅडमनाच विचारा.”

“अहो ताई, त्यांना विचारलं तर भाषांतर कोण करणार? तुम्हीच ना?”

“मग त्या बोलतील तेव्हा करीन.”

केतनने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं.

मढचं शूटिंग ठरलेलं होतं, ते टळलं नाही. वर्सोव्याहून बोटीने पलीकडे गेलो. तिकडे काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा तो खारट, दाट वास. एका बंगल्याच्या कोरड्या पोहण्याच्या तलावाभोवती तिने चालायचं होतं, ओठ हलवायचे होते. आवाज मागून जुनाच लावलेला. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली फरशी. ‘थोडं हसून’ असं दिग्दर्शक सांगायचा, मी जपानीत सांगायचे, ती हसायची. परत. परत. मग ती चालता चालता तलावाच्या काठावर बसली आणि तिला उलटी झाली.

मी तिला सावलीत नेलं. केतन म्हणाला, “हॉटेलवर सोडू या.”

तिने मान हलवली. “हॉटेल नको. कुणाचं तरी घर हवं.”

तिचं बोलणं कळेल असं घर एकट्या माझंच होतं. बोटीने परत वर्सोवा, तिथून मेट्रो. बसायला जागा मिळाली. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी घाटकोपर येईपर्यंत हाललेसुद्धा नाही. मनात एकच काळजी, आईला काय सांगायचं. आईला आगाऊ न सांगता कुणी आलेलं चालत नाही.

आई मालवणकडची. गिरणीतल्या नवऱ्याबरोबर मुंबईला आली, उभा जन्म इथे गेला, पण बोली तिने बदलली नाही. काठी टेकत दार उघडलं.

“कोण गो ह्या?”

“जपानी गाणारी. बरं नाहीये तिला.”

आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तोंड बघ कसा सुकलाहा. ये गो बाय, बस. पेज खातलंस?”

पेज म्हणजे काय ते मी सांगायला लागले आणि माझं मलाच नवल वाटलं. जपानात माणूस आजारी पडला की अशीच मऊ भाताची पेज देतात, बाजूला आंबट खारवलेलं फळ. नाव वेगळं, वाडगा तसाच. मी पेजेचा तो जपानी शब्द उच्चारला आणि सुमिए-सानचे डोळे उघडले. आईने काठी कट्ट्याला टेकवून स्वतः पेज केली, सोबत लिंबाचं जुनं लोणचं. सुमिए-सान खाली बसली. दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावून तिने पेज संपवली आणि बोटाने खार चाटला. आई खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होती. आपल्या घरात कुणी नीट जेवलं की तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो आला होता.

मग आई तिला म्हणाली, “दमलंस मां गो?”

भाषांतर करायला मी तोंड उघडलं. जपानी लोक काम संपवून घरी जाताना एकमेकांना एक वाक्य म्हणतात, ‘ओत्सुकारेसामा’. त्याचा अर्थ ‘तुम्ही दमलात’ असाच काहीसा. आपण ‘येतो’ म्हणतो ना, तितकं रोजचं. बीकेसीत मी ते हजारदा ऐकलंय, हजारदा म्हटलंय. पण आईचा प्रश्न त्या शब्दात घालून मी तिच्यापुढे ठेवला, तेव्हा तो रोजचा राहिला नाही. सुमिए-सान आईकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. आईने पदराने तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, “निजांदे तेका.”

ती फरशीवरच आडवी झाली, पंख्याखाली, उशी न घेता. माझा फोन वाजत होता. मी बाथरूममध्ये होते तेवढ्यात आईने तो उचलला.

“हॅलो? तां निजलाहा. उठला काय फोन करतला.” आणि ठेवून दिला.

केतनचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

उन्हं उतरल्यावर ती उठली. जाण्यापूर्वी मी फोनवर आईला तिचं एक जुनं गाणं लावून दाखवलं. आईने डोळे मिटून ऐकलं. शब्द कळायचा प्रश्न नव्हता. आई लहानपणापासून भजनाच्या बाऱ्या, म्हणजे कोकणातले भजनी सामने, ऐकत आलेली, तिचे कान तालाकडे. म्हणाली, “बरा हा. ह्या गाणा दमान चलता.”

दमानं. नंतर कितीतरी दिवस मी त्या शब्दाभोवती फिरत होते. दमणं आणि दमानं घेणं, दोन्ही एकाच दमातून आलेले. दम म्हणजे श्वास. तो संपत आला की माणूस दमतो, आणि तो सांभाळून वापरला की दमानं चालतो. गाणाऱ्याचा दमसास म्हणतो आपण. वर चढताना दम लागतो, मग कठड्याशी थांबून आपण दम खातो. श्वास खायची वस्तू आहे, हे मराठीने कधी ठरवलं कोण जाणे. मी मात्र इतकी वर्षं दम नुसता धरून होते. बाबांच्या खाटेशी, हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी, ऑफिसात. सोडला कधी नव्हता.

आणि त्या संध्याकाळी, खरं सांगायचं तर, मनात एक बोचलं होतं. आईने परक्या बाईला एका नजरेत जे विचारलं, ते मला कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मी नुसती वाटी विसळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सगळे वाजवणारे येऊन बसले होते. सुमिए-सानने केतनला समोर बसवलं. माझ्याकडे वळून म्हणाली, “आता सांगा.” आणि ती बोलायला लागली, घोगऱ्या, हलक्या आवाजात, एक-एक वाक्य.

दुभाष्याचा एक नियम असतो. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘त्या म्हणतात’ असं लावायचं नाही. स्टुडिओत गमतीजमतीत मी तो मोडला होता, पण त्या दिवशी पाळला. दिवसभर ‘मी’ म्हणायचं आणि त्यात आपण कुठेच नसायचं, याची मला इतकी सवय होती की त्यात काही वाटत नसे.

ती बोलली. मी मराठीत म्हटलं, “माझा आवाज गेल्या वर्षापासून जातोय. मी हे लपवलं. माफ करा.”

केतनने हातातला फोन खाली ठेवला.

पुढचं वाक्य अगदी लहान होतं. जपानीत एकच शब्द. मी म्हटलं, “मी दमले आहे.”

आणि माझा आवाज बसला. केतन तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. सुमिए-सानने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी परत म्हटलं, “मी खूप दमले आहे. मला आता थांबायचंय.” किती शब्द तिचे आणि किती माझे, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

“थांबायचंय म्हणजे आजच्यापुरतं, की कायमचं?” केतनने हळू विचारलं.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही.

“वाट लागली,” केतन म्हणाला, पण रागाने नाही. त्याने कपाळ चोळलं. मग उठून चहा सांगितला आणि वाजवणाऱ्यांकडे जाऊन म्हणाला, “दादा लोक, मॅडम आज गाणार नाहीत. त्यांच्यासाठी एकदा पूर्ण वाजवू या? त्यांची जागा सोडून.”

त्यांनी वाजवलं. ती समोर उभी होती, तोंड मिटून. जिथे तिच्या ओळी यायच्या तिथे व्हायोलिनं खाली उतरायची आणि नुसता गिटारचा तो फटीतला ठोका उरायचा. शेवटी मागच्या काकांनी व्हायोलिनचा गज वर करून तिला सलाम केला. ती कमरेतून वाकली ती किती तरी वेळ वर आली नाही.

ती जपानला परत गेली. रेकॉर्ड निघाली, तिच्यात शेवटचं गाणं तसंच आहे, गाणाऱ्याविना.

स्टुडिओतल्या त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी आईला म्हटलं, “त्या बाईला विचारलंस दमलीस का म्हणून. मला कधी विचारलंस?”

आई वाती वळत होती. हात थांबले. “तू कधी सांगलंस माका?”

“दिसत नाही?”

“तुझ्या तोंडार दिसाक नाय गो. तू सगळा करत ऱ्हवलंस. माका वाटला, तुका जमता.” मग परत वात वळत, “तुझ्या बापाशीक पण तसाच वाटायचा.”

त्यात तिची चूक मला काढता आली नाही. मी सुहासला फोन लावला. हातात फोन धरून काय बोलायचं ते जुळवत होते, पण वाक्य तयार होतं. सकाळीच एकदा मोठ्याने म्हणून झालं होतं.

“सुहास, मी दमलेय रे.”

पलीकडे त्याच्याकडचा टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

“आधी का नाही बोललीस गं?”

“आत्ता बोलतेय ना.”

रविवारी तो आणि वहिनी येऊन आईला घेऊन गेले. तेव्हापासून आई सहा महिने बोरिवलीला, सहा महिने माझ्याकडे. पहिले काही दिवस सुहासची आणि तिची रोज भांडणं झाली, फॅनच्या वेगावरून. मग जमलं. माझा थकवा काही गेला नाही. तो जाणाऱ्यातला नाही. फक्त आता तो घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यामुळे जरा हलका आहे.

गेल्या आठवड्यात सुमिए-सानकडून एक रेकॉर्डिंग आलं. मधल्या काळात नववर्षाच्या शुभेच्छांपलीकडे काही नव्हतं. हे रेकॉर्डिंग कुणीतरी फोनवर टिपलेलं. कपांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. एखाद्या छोट्या जागी ती खुर्चीवर बसून गातेय असं वाटत होतं. आवाज कितीतरी खाली आलेला, खरखरीत, पण तिचाच. मी ते एकटीने ऐकलं नाही. रविवारी बोरिवलीला गेले, आईच्या कानाशी फोन धरला. आई आता फार बोलत नाही. मान मात्र हलत होती, ठोक्यावर नाही, ठोक्यानंतर.

मधेच सगळं थांबलं. गाणं नाही, गिटार नाही. वहिनी पोळ्या लाटता लाटता आतून म्हणाली, “फोन बंद पडला का हो?”

मीही स्क्रीनकडे बघितलं. आईने माझा हात धरला आणि डोळे न उघडता म्हणाली, “नाय गो. तां हा थंयच.”

आम्ही तिघी थांबलो. मग फोनमधून श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि ती पुढची ओळ गायला लागली.